पुलावरून चालणाऱ्या बाई

बाई ट्रकला छत्रीने मारायच्या.

खोटं नाही सांगत. सुर्ल्याच्या बाजूने खनिज भरलेल्या ट्रकांची रांग उतरायची, पुलाच्या तोंडाशी येऊन चेंगरायची, आणि त्यातला एखादा घाईघाईने आमच्या अंगावर यायचा. अशा वेळी शहाणी माणसं मागे सरतात. बाई पुढे सरायच्या. हातातली छत्री मिटायच्या आणि दोन्ही हातांनी धरून त्याच्या बॉनेटवर आपटायच्या. ड्रायव्हर दचकून वरून खाली बघायचा, तर समोर सुती साडीतल्या, खांद्याला पिशवी लावलेल्या प्राथमिक शाळेच्या बाई. "दोळे खंय दवरल्यात रे? हांगा मनशां चलतात, दिसना?" शाळेत मुलांच्या तोंडी एक कोकणी शब्द आला तर भुवई वर करणाऱ्या बाई रागावल्या की थेट कोकणीत शिरायच्या. त्यांचं मराठी व्याकरणासाठी होतं आणि कोकणी ट्रकसाठी.

आमचं गाव डिचोली तालुक्यातलं. मधून नदी. अलीकडे आमचा वाडा, काजूचा डोंगर आणि आता औद्योगिक वसाहत. पलीकडे बाजार, शाळा, दवाखाना, बसस्टँड. म्हणजे जगायला जे जे लागतं ते सगळं पलीकडे, आणि जायला एकच पूल. दोन ट्रक समोरासमोर आले तर एकाला थांबावं लागे, इतका अरुंद. त्या पुलावरून वाड्यातली आम्ही सगळी पोरं रोज बाईंबरोबर शाळेत जायचो. बाईंचा नियम होता: लहान मुलं कठड्याच्या बाजूला, मोठी त्यांच्या बाहेरून, आणि सगळ्यात बाहेर, ट्रकच्या चाकाजवळ, स्वतः बाई. अंगावरून तांबडी धूळ उडत जायची. शाळेत पोचेपर्यंत बाईंच्या पांढऱ्या साडीची उजवी बाजू विटकरी झालेली असे. आमच्यातलं कुणी घाबरून पळू लागलं तर त्या हात धरून थांबवायच्या. "घाबरायचं नाही आणि धावायचंही नाही. आपण धावलो की त्यांना वाटतं, आपणच चोर."

त्यांना गाडीवर बसा म्हणायची सोय नव्हती. शाळेचे हेडमास्तर स्कूटर थांबवायचे, मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारे ओळखीचे पायलट गाडी जवळ आणून, "बाई, बसा, पैसे नकोत," म्हणायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं. "मी बसले तर चालणारं एक माणूस कमी झालं. मग हे म्हणतील, चालतं कोण?" तेव्हा आम्हांला हा निव्वळ हट्ट वाटायचा. पुढे हाच प्रश्न एका माणसाने त्यांना तोंडावर विचारला, तेव्हा कळलं की बाई कितीतरी आधीपासून त्याची वाट बघत होत्या.

मध्यंतरी खाणी बंद पडल्या. ट्रक ओळीने आंब्याखाली, माडाखाली उभे राहिले, टायरांत गवत उगवलं. वाड्यातली अर्धी घरं त्या ट्रकांवर जेवत होती. कुणीतरी बाईंना गमतीने म्हणालं, "आता तुम्हांला बरं झालं!" बाई अशा काही भडकल्या की तो माणूस पुढचे कित्येक दिवस त्यांच्या दारावरून गेला नाही. "माझं भांडण ट्रकाशी आहे. ट्रकवाल्याच्या चुलीशी नाही," त्या म्हणाल्या. आणि ज्या घरांत चूल थंड झाली होती, तिथल्या मुलांना संध्याकाळी आपल्या ओट्यावर अभ्यासाला बसवू लागल्या. अभ्यास संपला की गरम उंडे पाव आणि पातळभाजी.

त्याच दिवसांत त्या सायकल शिकल्या. निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरत होते; पण पूल रिकामा होता आणि तो असा रिकामा पुन्हा मिळेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. शिकवायला कोण, तर बाबलो ड्रायव्हर. याच्या ट्रकवर बाईंची छत्री अनेकदा पडली होती. आता ट्रक उभा, हात रिकामे, म्हणून तो बाईंच्या सायकलचं कॅरिअर धरून पुलावरून धावायचा. एकदा बाई कठड्यावर आपटल्या, कोपर सोललं, आणि उठून त्यांनी बाबलोला अशा काही शिव्या घातल्या की तो खाली बसून हसायला लागला. "बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षां गाळी खातां तुमच्यो, पूण ट्रकांतल्यान देंवून आयज पयलेच फावट."

बाई पण हसल्या; ट्रकातून उतरून त्यांच्या शिव्या खायची त्याची खरंच ती पहिलीच वेळ होती. मी माझ्या शिवणाच्या दुकानाच्या दारात उभी होते. माझं दुकान पुलाच्या आमच्याकडच्या तोंडाशीच आहे. त्या हसण्याइतकं मोकळं काही त्या पुलावर मी पुन्हा ऐकलं नाही.

कारण मग नवीन पूल झाला.

रुंद, उंच, दोन्ही अंगांना दिव्यांचे खांब. पहिल्या संध्याकाळी अख्खा गाव फोटो काढायला पुलावर गेला. गाड्या अजून सुरू झाल्या नव्हत्या म्हणून जाता आलं. बाई मात्र फोटो काढत नव्हत्या. त्या पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली मान घालून चालत गेल्या, पलीकडच्या कडेने परत आल्या आणि माझ्या दुकानात येऊन कदेल ओढून तिच्यावर बसल्या.

"फुटपाथ नाही गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "करतील नंतर."

"अगं, जागाच ठेवली नाही. कडेला एक वीतभर कट्टा आहे, त्यावरून केबलचं झाकण गेलंय. त्यावर मांजरही चालणार नाही."

गाड्या सुरू झाल्या आणि जुना पूल धोकादायक म्हणून दोन्हीकडून भिंत घालून बंद केला. खाणीचे ट्रकही पुन्हा सुरू झाले. त्यांत भर म्हणून भाड्याच्या गाड्या घेऊन हिंडणारे पर्यटक, बसेस, सिमेंटचे मिक्सर. रुंद पूल मिळाला म्हणून जो तो सुसाट. आणि आमच्या वाड्यातल्या मासेवाल्या डोक्यावर पाटी घेऊन, शाळेची मुलं दप्तर घेऊन, औद्योगिक वसाहतीतले कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार सायकली घेऊन त्याच डांबरावर, चाकांच्या शेजारी. इतका पैसा ओतला, इतकं लोखंड-सिमेंट लावलं, आणि माणसाने पाऊल ठेवायची जागा तेवढी विसरले. विसरले म्हणते, पण मला तसं वाटत नाही. विसरायला आधी आठवावं लागतं.

बाईंच्या आग्रहाने देवळाच्या मंडपात बैठक झाली. खात्याचे साहेब आले. तरुण होते, नम्र होते, चहा दोन्ही हातांनी घेत होते. सगळं ऐकून झाल्यावर हसून म्हणाले, "बाई, आजकाल चालतं कोण? घरोघर गाड्या आहेत."

बाई मंडपभर नजर फिरवत राहिल्या. मासेवाल्या बसल्या होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या आया होत्या, पाळी संपवून आलेले कामगार दाराशी उभे होते.

"आणि आम्ही सगळे इथे उडत आलो?" बाईंनी विचारलं.

मंडप हसला. साहेबही हसले. बाई नाही हसल्या. "उद्या सकाळी शाळेच्या वेळेला या. गाडी बाजारात ठेवा आणि पुलावरून माझ्याबरोबर चालत वाड्यात या. मग बोलू."

साहेब खरंच आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मी दुकान उघडत होते. बाई पुढे, साहेब मागे. अर्ध्यावर आले असतील तोच एक बस दुसऱ्या बसला मागे टाकत आली. साहेब कठड्याला असे चिकटले की शर्टाचं बटण तुटून नदीत गेलं. चेहरा पांढराफटक. बाईंनी वळून पाहिलं. "चला पुढे," त्या म्हणाल्या. "अजून अर्धा पूल आहे."

माझ्या दुकानाशी पोचल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. ग्लास रिकामा करून म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. मी काहीतरी नक्की करतो."

आणि केलं. त्याच आठवड्यात पुलाच्या दोन्ही तोंडांना मोठे निळे बोर्ड लागले. 'पादचारी व सायकलस्वार यांनी या पुलाचा वापर करू नये.'

जुना पूल बंद, नव्यावर बंदी. मग जायचं कुठून? पोहत? दुसरा पूल पार तालुक्याच्या गावाला वळसा घालून. लहान मुलाने शाळेत जायचं म्हटलं तर पोचेपर्यंत शाळा सुटेल. ज्या माणसाने स्वतः कठड्याला चिकटून जीव वाचवला, त्याला त्यातून एवढंच सुचलं की चालणाऱ्यालाच पुसून टाकावं. बाई त्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपण नाहीच आहोत."

अर्थात सगळे त्याच पुलावरून जात राहिले. दुसरं करणार काय? बाई सायकलवरून जात. त्यांच्यामागून बहुतेक रोज यल्लाप्पा असायचा. हा बेळगावकडचा. वसाहतीतल्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा, पलीकडे बाजारामागे खोली घेऊन राहायचा. त्याची बायको शांता माझ्याकडून हातशिलाईचं काम न्यायची. संध्याकाळी बाई बाजाराकडे निघाल्या की कामावरून परतणारा हा त्यांना पुढे जाऊ द्यायचा. "तुम्ही पुढं चला बाई, मी मागनं येतो. गाडी आली तर मला आधी दिसल." बाईंना कुणी सांभाळलेलं चालत नसे. यल्लाप्पाचं मात्र चालायचं. "तो मला सांभाळत नाही," त्या म्हणायच्या, "तो पुलावर आपलं माणूस वाढवतो."

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. दिवे नुकते लागलेले. त्या दिवशी बाई नव्हत्या, यल्लाप्पा एकटाच कामावरून परतत होता. भाड्याची एक मोटार मागून आली. मी आवाज ऐकून धावले तेव्हा तो त्या वीतभर कट्ट्यावर अर्धा पडला होता आणि त्याचा पाय सायकलच्या फ्रेममध्ये होता. मोटार थांबली होती. आतून उतरलेला मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "बोर्ड आहे ना तिथे! सायकलला बंदी आहे ना!"

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आणि मग जो तो त्या पोराचंच वाक्य बोलू लागला. पोलीस तेच म्हणाले, कारखान्याचा माणूस तेच म्हणाला, भरपाईचं विचारायला शांता जिथे जिथे गेली तिथे तिथे तिला तेच ऐकवलं. बोर्ड होता ना? पाय तोडणाऱ्याचं काही चुकलं नाही, पूल बांधणाऱ्याचं काही चुकलं नाही. चुकला तो सायकलवर बसून घरी जाणारा.

दवाखान्यात मी बाईंबरोबर होते. यल्लाप्पा छताकडे बघत पडला होता. तसाच बघत त्याने विचारलं, "बाई, मी चुकलो का हो?"

बाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "नाही. तू घरी चालला होतास. घरी जाणारा चुकत नाही."

महिनाभराने नवराबायको गावाकडे परत निघाली. बाई त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेल्या. चालत. बस सुटल्यावर तशाच परत आल्या आणि वाड्यातल्या प्रत्येक दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी पुलाशी या. सगळे एकदम जाऊ."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडाशी वाडा जमला. मासेवाल्या, शाळेची मुलं, त्यांच्या आया, सायकली हातात धरलेले कामगार, काठी टेकत आलेले दोन म्हातारे. दुकानाला कुलूप लावून मीही गेले. बाईंनी मुलांना कडेला उभं केलं नाही. आम्ही सगळे एका अख्ख्या लेनमधून, मधोमध, सावकाश चालू लागलो. मागे हॉर्न सुरू झाले. कुणी आईवरून शिव्या देत होतं. एक मोटारवाला तर मुलांच्या पाठीला बंपर लावत पुढे घुसू लागला. तेवढ्यात मागून एक भरलेला ट्रक आला आणि त्या मोटारीच्या व आमच्या मध्ये नाक घालून आडवा थांबला. बाबलो होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "बाई, तुमी चला, हांव फाटल्यान येतां," म्हणाला, आणि ट्रक पहिल्या गिअरमध्ये टाकून आमच्या मागून रांगत आणू लागला. त्याला मागे टाकायची छाती कुणाची नव्हती.

पलीकडे हवालदार वाट बघत होता. "बाई, लोक खोळंबलेत. बाजूने चला ना."

"चलते," बाई म्हणाल्या. "बाजू दाखव."

त्याने पुलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आता बाजारातलीही माणसं येऊन मिळाली. बाबलोला मालकाने ट्रकवरून काढलं; तो चालणाऱ्यांत आला. शेवटी साहेब परत आले आणि पुलाच्या एका बाजूला काँक्रीटचे ठोकळे मांडून चालायला-सायकलला पट्टा काढून दिला. लगेच एक पुढारी हार घेऊन हजर. बाईंच्या हातात नारळ दिला. बाईंनी तो परत त्याच्या हातात ठेवला आणि विचारलं, "यल्लाप्पाचा पाय कुठे ठेवलात?" त्या माणसाला यल्लाप्पा कोण हेच माहीत नव्हतं. नारळ दुसऱ्याने कुणीतरी फोडला.

ते ठोकळे पुढचा पावसाळा संपेपर्यंत राहिले. मग कुणा मोठ्या माणसाच्या गाड्यांचा ताफा जायचा होता म्हणून क्रेनने उचलून रस्त्याच्या कडेला टाकले आणि ताफा गेल्यावर तिथेच राहू दिले. त्यांच्यावर शेवाळ धरलं.

तोवर बाईंना धाप लागायला लागली होती. चार पावलांवर बसावं लागे. त्यांचा मुलगा पर्वरीला राहतो, चांगल्या हुद्द्यावर आहे. पुलावर चालणाऱ्या आईचा व्हिडिओ त्याच्या ऑफिसात फिरला तेव्हा त्याला लाज वाटली होती, हे त्याने मला स्वतः सांगितलं. दर रविवारी मोटारीने येऊन तो एकच विषय काढायचा. "आई, पुरे आता. मी तुझ्यासाठी गाडी ठेवतो, ड्रायव्हर ठेवतो. तुला कशाला हवाय तो पूल?"

"आणि बाकीच्यांना?" बाई विचारायच्या. तो उठून मोटारीची किल्ली शोधायचा.

संध्याकाळी मी दुकान बंद करून त्यांच्याकडे जायचे. उघड्या जनेलाशी खाट होती. मी उंबरा ओलांडायच्या आत त्या विचारत, "ठोकळे घातले?" मी म्हणे, "नाही, बाई." मग त्या भिंतीकडे तोंड करत. एकदा तशाच भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला मरायची भीती नाही गं. या खात्यावाल्यांना बरं वाटेल, याचा राग येतो."

त्या गेल्या, तेव्हाही ठोकळे गवतातच होते.

आमचं स्मशान पलीकडच्या काठावर. मुलाने शववाहिनी बोलावली होती. ती दारात येऊन उभी राहिली, पण बाईंना तिच्यात ठेवायला कुणी पुढे होईना. मुलगा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघू लागला. शेवटी बाबलोने त्याला बाजूला घेतलं, हळू आवाजात काही सांगितलं. मुलाने शववाहिनीच्या ड्रायव्हरला परत जायला सांगितलं आणि पुढचा खांदा दिला.

पुलाच्या तोंडाशी पोलीस आडवा आला. नवीन होता, इथला नव्हता. "गाडीतून न्या," म्हणाला. "चालत जायला मनाई आहे. बोर्ड बघा."

मुलाने मान वर करून बोर्ड वाचला. इतकी वर्षं तो त्याखालून जात होता, पण काच वर करून, वेगात. त्याने तो आता वाचला. सगळा वाडा मागे उभा होता, हॉर्न वाजत होते, आणि तो खांद्यावर आई घेऊन एक एक शब्द वाचत होता. मग त्या पोलिसाला म्हणाला, "बाजूला हो. आई चालत जाणार."

आम्ही गेलो. मधोमध गेलो, सावकाश गेलो, बायकाही गेल्या. स्मशानापर्यंत बायकांनी येऊ नये असं कुणी म्हणालं नाही, म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा पर्वरीला परतला नाही. रजा वाढवून तो खात्याच्या दारात बसू लागला. त्याला त्यांची भाषा येत होती, कुठल्या दारावर किती जोराने थाप मारायची ते कळत होतं. ठोकळे परत आले, या वेळी सिमेंटने पक्के बसवून. बोर्ड काढले. सायकल चढवायला दोन्हीकडे उतार केला. मग पंचायतीतून विचारणा झाली, पट्ट्याला बाईंचं नाव देऊ या का? मुलगा म्हणाला, "आधी दुसरी बाजू करा."

दुसरी बाजू अजून झालेली नाही. शाळा सुटली की पलीकडून येणारी मुलं हा पट्टा गाठायला धावत रस्ता ओलांडतात. परवा मी खात्याच्या नव्या साहेबांकडे गेले. ते जेवायला निघत होते. उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, एक बाजू दिलीय ना तुम्हांला?"

"कुणी दिली?" मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं. मी दाराशी खुर्ची ओढली, बसले, आणि सगळं सांगेपर्यंत त्यांना जेवायला जाऊ दिलं नाही.